बूच खराब निघालं तो दिवस

धरणगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणाऱ्या चिंधा सपकाळेंचा राकेश जळगावच्या एका हॉटेलात वाढप्यांचा कॅप्टन झाला, तेव्हा चिंधाआबांनी गल्लीभर पेढे वाटले. राकेश नाशिकला हॉटेलचं शिकून आला होता. वाइनचा ग्लास दांडीला धरायचा, हलवायचा, मग नाकाशी न्यायचा, हे त्याला तिथंच कळलं. हॉटेलात ते कळणारा तो एकटाच होता, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

फेब्रुवारीत हॉटेलमालक रतिलालशेठांकडे एक फ्रेंच पाहुणे आले. मिशेल नावाचे द्राक्षबागायतदार, ठिबक सिंचनाचं काम बघायला आलेले. येताना त्यांनी आपल्या गावच्या लाल वाइनच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. दुपारी आठ-दहा जणांचं जेवण ठरलं आणि वाइनसोबत काय द्यायचं ते शेठनी राकेशवर सोपवलं. राकेशनं झणझणीत शेवभाजी लिहून दिली.

"एवढं तिखट नको, भाऊ," स्वयंपाकघरातल्या बेबाबाई म्हणाल्या. "ती दारू तुरट ऱ्हास ना? वरतून तिखट खादं का तोंड पेटी जाई. भरीत करस. मिरची कमी, शेंगदाणा जास्त."

राकेशला ते पटलं, पण तसं तो बोलला नाही. "करा तुम्हाला काय करायचं ते," म्हणून त्यानं पहिली बाटली उघडली.

बेबाबाई शेजारीच वांगी भाजत होत्या. त्यांनी नाक मुरडलं. "भाऊ, येले वल्लं गोनपाटना वास ई ऱ्हायना."

"मावशी, फ्रान्सची आहे ही. तुम्ही वांगी बघा," राकेश सगळ्यांसमोर म्हणाला. बेबाबाईंच्या हाताखालच्या पोरी हसल्या. ओल्या गोणपाटाचा तो वास त्यालाही आला होता. महागड्या वाइनचा वास असाच असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

मिशेलनी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. "बूच खराब आहे. असं होतं कधी कधी," ते शांतपणे इंग्रजीत म्हणाले. "उघडल्यावर वास घेतला नव्हता का?"

सगळं टेबल राकेशकडे बघायला लागलं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी नाही उघडली, सर. स्वयंपाकवाल्या बाईंनी उघडली. त्यांना यातलं कळत नाही."

भरिताची परात घेऊन बेबाबाई दारातच उभ्या होत्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण राकेशनं हात कुणाकडे केला ते त्यांनी पाहिलं. शेठनी तर मराठीतच झापलं, "बेबाबाई, कशाला हात लावता?" त्यांनी परात टेबलावर ठेवली आणि त्या आत गेल्या.

दुसरी बाटली चांगली निघाली. मिशेलनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीसोबत भरीत खाल्लं, वर वाइनचा घोट घेतला आणि उठून राकेशशी हात मिळवला. "या वाइनला धुराचीच चव हवी होती. छान निवड!" राकेशनं थँक यू म्हटलं.

बेबाबाई भांडल्या नाहीत. फक्त 'भाऊ' म्हणायचं सोडून त्या त्याला 'साहेब' म्हणायला लागल्या. चौथ्या दिवशी भाजी निवडताना त्या एकट्या सापडल्या, तेव्हा तो जवळ जाऊन बसला. "मावशी, माझं चुकलं."

त्यांनी मेथीवरची नजर काढली नाही. "मले एकलीले काय सांगस? बठ्ठासना मोरे नाव लिधं व्हतं ना?"

नाव सगळ्यांसमोर घेतलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना राकेशनं सगळ्यांना थांबवलं, रतिलालशेठांनाही बोलावलं. बाटली मी उघडली, वास मावशींनी ओळखला, भरीतही त्यांनीच सुचवलं, असं तो सांगत गेला. या वेळी कुणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. शेठनी बेबाबाईंची माफी मागितली आणि राकेशला महिनाभर टेबलावर वाढायच्या कामावरून काढलं.

मिशेलनाही त्यानं पत्ता शोधून सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं नाही; पत्र पोचलं की नाही, तेही कळलं नाही. फ्रान्समधल्या कुठल्याशा गावात एक माणूस अजूनही समजत असेल, की जळगावच्या त्या बाईला काही कळत नव्हतं. हे मनात आलं की राकेश आजही हातातला ग्लास खाली ठेवतो.