उघड्या खिडक्यांचं रेकॉर्डिंग

हळूमामा स्टुडिओचे दरवान. सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच: आतला लाल दिवा लागला की गल्ली गप्प करायची. त्यांनी दारात येऊन ओठांवर बोट ठेवलं, की समोरचा पत्रेवाला हातोडी खाली ठेवी आणि वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई मशीनवरून पाय काढी. मालकांनी बजावलंच होतं, "बाहेरचा एक आवाज टेपवर आला, तर तुमची नोकरी गेली."

त्या मंगळवारी पाच वादक आले. शहराच्या वातावरणावर फ्री जॅझचा अल्बम करायचा होता. ठरलेली चाल नाही, ताल नाही. ज्याला जे सुचेल ते त्यानं वाजवायचं. सॅक्सोफोनवालीनं सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. त्या बघून मामा धावत दारात गेले. दिवा लागताच त्यांनी गल्लीला असा दम भरला, की सगळं चिडीचूप.

चार मिनिटांनी सॅक्सोफोनवाली खिडकीत आली. "अहो मामा, शहर कुठं गेलं?"

"थांबवलंय मी. वाजवा निर्धास्त."

"अहो, आम्हाला शहराबरोबरच वाजवायचंय! आवाज होऊ द्या. मालकांशी मी बोलते."

मामा कात्रीत सापडले. आवाज झाला तर मालक काढणार, नाही झाला तर ही बाई तक्रार करणार. "करा रे आवाज!" ते ओरडले.

पत्रेवाला नव्या जावयासारखा लाजला. त्यानं पत्र्यावर हलकेच टिचकी मारली.

"ही काय ठोकाठोक झाली?" मामा म्हणाले.

"सव्वीस वर्षं ठोकू दिलंत का धड? माझे निम्मे डबे गळतात तुमच्यापायी!"

"आणि माझे ब्लाउज?" शिंपीणबाई वरून कडाडली. "तुमचं बोट वर, की माझी बाही अर्धी!"

"मेल्यांनो, आवाज करा म्हणून घसा फोडतोय मी!" मामांचा तोल गेला. मग जे भांडण जुंपलं, त्यात भंगारवाला पडला, दोन कुत्री पडली, आणि आत सॅक्सोफोन, ड्रम सगळेच त्या भांडणाच्या साथीला जोरात वाजू लागले. टेप चालू आहे, याचा मामांना पत्ताही नव्हता.

संध्याकाळी मालकांनी टेप ऐकली. सगळ्यांच्या वर मामांचा आवाज.

"हा बाहेरचा आवाज आहे," मालक म्हणाले.

"छे, हे आमचे सहावे वादक," सॅक्सोफोनवाली म्हणाली. "यांना काढलंत तर टेप घेऊन दुसऱ्या स्टुडिओत जाऊ."

मालकांनी मामांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि उद्या वेळेवर यायला सांगितलं.

मामा मात्र हलेनात. "बाई, ते 'मेल्यांनो' तेवढं कापा. आमची ही ऐकेल. घरी मी तोंडातून शब्द काढत नाही."

"अहो, तेवढंच तर सुरात आहे!"