बारा पिशव्या, एकच माती

"हे बाराच्या बारा रिपोर्ट सारखेच काहून आले?" सरांनी विचारलं. केबिनमध्ये सगळा स्टाफ उभा होता.

मी खरं ते सांगितलं. "सर, माती एकाच वावरातली आहे. गजाननभाऊंनी एका ठिकाणाहून बारा शेतकऱ्यांच्या बारा पिशव्या भरल्या."

सगळे गजाननभाऊंकडे पाहू लागले. मला वाटलं होतं, चूक सापडली म्हणून सगळे खूश होतील.

मी अकोल्यात एका खासगी माती परीक्षण लॅबमध्ये आहे. शेतकरी आमचा रिपोर्ट पाहून खत टाकतो. नमुना घ्यायचा म्हणजे एका वावरात आठ-दहा खड्डे करायचे, माती एकत्र करायची, तिचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. कंटाळवाणं काम आहे. मला फार आवडतं. बांधाला बांध लागून असलेल्या दोन वावरांचे आकडेही तंतोतंत जुळत नाहीत. इथं बारा जुळले होते.

माझं वय एकेचाळीस. मला ऑटिझम आहे, हे अमरावतीच्या डॉक्टरांनी मी छत्तीसचा असताना सांगितलं. तोवर घरच्यांच्या लेखी मी तिरसट होतो. चार नोकऱ्या गेल्या, पण काम चुकलं म्हणून एकही नाही. एक साहेबांच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही म्हणून, एक डोळ्यात पाहून बोलत नाही म्हणून. माझ्या लग्नाची बोलणीही दोनदा पोह्यांवरच संपली.

ही पाचवी नोकरी गजाननभाऊंनी लावून दिली. गावोगावहून नमुने तेच आणायचे. लॅबमध्ये असले की अकरा वाजता माझ्या टेबलावर दोन बोटं वाजवायचे. "चाल रे, चहा घेऊ." चहा पिताना मी बोलत नसे. त्यांना ते चालायचं. दिवसभरात मला हाक मारणारे ते एकटेच.

केबिनबाहेर त्यांनी मला गाठलं.

"मले बाजूले घेऊन सांगता नाई आलं का तुले?"

"सरांनी विचारलं होतं." मी लहानपणापासून असंच पुस्तकातल्यासारखं बोलतो.

"अबे, माही माय दवाखान्यात होती त्या दिवशी. वावरावावरात हिंडाले येळ कुठून आनू?"

"मग तसं रिमार्कच्या रकान्यात लिहायचं होतं."

ते वळले आणि निघून गेले. मी भिंतीकडे पाहत होतो.

नमुने पुन्हा घेतले. बाराही रिपोर्ट वेगळे आले. आधीच्या रिपोर्टवर तिघांनी नको ते खत टाकलं असतं. म्हणजे माझं बरोबरच होतं. सरांनी माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं आणि गजाननभाऊंना अंजनगाव सुर्जीच्या सेंटरवर पाठवलं. जाताना ते एकेका टेबलाशी थांबले. माझ्या टेबलापर्यंत आले नाहीत.

अकरा वाजले की अजूनही माझा हात थांबतो. एकटं वाटतं. फार वाटतं.

भिंतीवर तपासणीच्या सहा पायऱ्यांचा कागद लावलेला आहे. त्याखाली मी पेनाने सातवी लिहिली: चूक सापडली, तर आधी त्या माणसाला बाजूला घेऊन सांगावं. पायरी बरोबर आहे. फक्त बाजूला घ्यावं असा माणूस आता लॅबमध्ये माझा कोणी नाही.