पाच व्होल्ट आणि मासाओचं बोट

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, इनुई मासाओ, स्वतःची एकच नोकरी मोजतो. आमच्या आमागासाकीत पूर्वी कॉफीच्या दुकानांतून काचेची टेबलं असायची, काचेखाली पडदा आणि पडद्यावर गेम. ती टेबलं भाड्याने देणाऱ्या कंपनीत तो होता. पुढे त्याने शाळांच्या जेवणाची गाडी बरीच वर्षं चालवली, पण ती त्याच्या हिशेबात नाही.

काम सरळ होतं. व्हॅन घेऊन दुकानोदुकानी जायचं, आणि एखाद्या गेमला गिऱ्हाईक कंटाळलं की टेबल तेच ठेवून आतला बोर्ड बदलायचा. बोर्ड म्हणजे ताटाएवढी हिरवी पाटी, वर काळ्या चिप्सच्या रांगा. सगळा गेम त्या पाटीत; टेबल नुसतं लाकूड आणि काच. बोर्ड बदलला की कंपनीचा नियम असा, की त्याला पाच व्होल्ट मिळतायत का ते मीटर लावून बघायचं, आकड्याकडे बोट रोखायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "पाच, ठीक." आमचे रेल्वेचे मोटरमनही सिग्नलला असंच बोट दाखवून बोलतात, तेव्हा यात कुणाला हसू येत नसे.

काझुयो, माझी बहीण, अशाच एका दुकानात कॉफी द्यायची. नव्या गेमवर पहिलं नाणं तिचं पडायचं, आणि ती गिऱ्हाइकांपेक्षा चांगली खेळायची, जे मालकाला आवडत नसे. मासाओ टेबलाखाली डोकं घालून "पाच, ठीक" म्हणायचा आणि ती ट्रे घेऊन वाट बघत उभी राहायची. लग्न असं जमलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, मुलगा बरा आहे पण बोलत नाही. अजून बोलत नाही.

कंपनी बंद पडली तेव्हा भंगारात जाणारे बोर्ड त्याने संत्र्यांच्या खोक्यांत भरून घरी आणले. घरातली एक खोली त्यांनी भरली. एकही कधी चालू केला नाही, कारण टेबलं नव्हती आणि नुसत्या बोर्डाला वीज द्यायची सोय नव्हती. मेलेत की जिवंत आहेत हेही ठाऊक नव्हतं. इकडे काझुयो बायकांना किमोनो नेसवायला शिकवते, ते स्वयंपाकघरात. शिष्या हात पसरून उभ्या राहिल्या की फ्रिजचं दार उघडत नाही.

या वसंतात मी चहाला गेले होते तेव्हा तिने निकाल लावला.

"ओबोनपर्यंत यातला एक तरी चालवून दाखव. चालला तर खोली तुझी. नाहीतर सगळं नगरपालिकेच्या गाडीत."

ओबोन म्हणजे आमचा ऑगस्टातला पितरांचा सण. मोठा कचरा न्यायला लागणारे स्टिकर तिने आधीच आणले होते. बोलता बोलता प्रत्येक खोक्यावर एकेक चिकटवला. मासाओने स्टिकरकडे बघून मान हलवली. भांडला असता तर मला जास्त आवडलं असतं.

पॉवर सप्लाय घ्यायला तो ओसाकाला, निप्पोनबाशीला निघाला तेव्हा काझुयोने मला सोबत धाडलं. "आणखी एखादा बोर्ड घेऊन येईल, ने-चान. लक्ष ठेव." ने-चान म्हणजे ताई; मासाओ अदबीने नेसान म्हणतो.

दुकानदार आमच्या वयाचा, बनियनवर बसलेला. म्हणाला, "कॉम्प्युटरचा जुना सप्लाय देतो, जवळजवळ फुकट. पाच व्होल्ट आहेत, बारा आहेत."

"उणे पाच नाहीत," मासाओ म्हणाला. "जुन्या बोर्डांना आवाजासाठी उणे पाच लागतात."

"मुकं खेळा. शेजारी दुवा देतील."

"बरोबर बोलतायत ते," मी म्हटलं. "आवाज कशाला हवाय तुला?"

"काझुयो आवाजावर खेळायची, नेसान. डोळे गिऱ्हाइकांवर असायचे."

एवढं मोठं वाक्य मी त्याच्या तोंडून क्वचित ऐकलंय. मग त्याने तिन्ही व्होल्ट देणारा छोटा सप्लाय निवडला. पाच व्होल्ट कमीजास्त करायला त्याच्या बाजूला एक स्क्रू होता.

"तारा जाड घ्या," दुकानदार म्हणाला.

"तारा घरी आहेत."

होत्या. जुन्या दारघंटीच्या. हा माणूस काही फेकत नाही, आणि सगळं बिघडतं ते त्यामुळेच. त्याने त्या बारीक तारांनी सगळं जोडलं आणि सगळ्यात मोठा, सगळ्यात नवा बोर्ड लावला. चित्र आलं, गेलं, आलं, गेलं. सप्लायपाशी मीटर पाच दाखवत होता, पण बोर्डापर्यंत पाच पोचत नव्हते. मोठा बोर्ड वीज खेचतो आणि बारीक तारेत व्होल्ट वाटेतच गळतात. मासाओने तारा बदलायच्या सोडून स्क्रू पिळला. चित्र स्थिर होईपर्यंत पिळला.

आणि बोट दाखवलं नाही. घरी त्याने ते सोडलंच होतं. गॅस बंद केल्यावर बटणाकडे बोट करून "बंद, ठीक" म्हणायचा, तेव्हा काझुयो विचारायची, "गॅसला सलाम करून झाला का?" शिष्या फिदीफिदी हसायच्या. त्याला लाज वाटू लागली होती.

ओबोनला आम्ही तिघं जमलो. आईवडिलांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, कलिंगड कापलं, शेवया थंड पाण्यात टाकल्या. मग मासाओने जुन्या टीव्हीवर बोर्ड चालू केला. दोन दांडगे पुरुष एकमेकांना बडवू लागले.

"हा कुठला?" काझुयो म्हणाली. "आमच्या दुकानात नव्हता हा."

"नंतरचा आहे."

"मग माझा लाव."

"एक म्हणाली होतीस तू," मी म्हटलं. "चालला की एक."

"एक म्हटलं होतं, ने-चान. कुठला ते म्हटलं नव्हतं. माझा चालला तर खोली त्याची."

हा अन्याय होता आणि मी तसं सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही. मासाओने तळातलं खोकं उघडलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला छोटा बोर्ड काढला. मोठा उपटला, छोटा त्या जागी लावला, बटणाकडे हात नेला.

"बोट?" काझुयो म्हणाली.

"काय?"

"बोर्ड बदललास ना? बोट नाही दाखवलंस."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती थट्टा करत नव्हती. त्याने बोर्ड पुन्हा बाहेर काढला, नुसता सप्लाय चालू केला आणि मीटर लावला. आकडा साडेपाचाच्या वर होता. मासाओ तातामीच्या चटईवर बसला.

"हा वीज जेमतेम पितो," तो हळू म्हणाला. "तारांत काही गळलं नसतं. सगळं याच्या डोक्यात गेलं असतं. जळला असता."

"जाड तारा घ्या म्हणाला होता तो दुकानदार," मी म्हटलं.

"ऐकलं होतं, नेसान."

ओबोनला दुकानं बंद. काझुयो उठली, कपाटातून कोतात्सू ओढून काढलं, ज्या गरम टेबलात हिवाळाभर दोघं पाय घालून बसतात ते, आणि कात्रीने त्याची जाड वायर कापून त्याच्या मांडीवर टाकली.

"थंडीत काय करणार?" मी विचारलं.

"थंडी आली की बघू. पंखा धर."

मी पंखा धरला. त्याने वायर हातभर ठेवली, आतल्या तारा सोलून जोडल्या, स्क्रू मागे फिरवला, मीटर लावला, बोर्ड बसवला, पुन्हा मीटर लावला. मग बोट रोखून म्हणाला, "पाच, ठीक."

टीव्हीतून किडे उतरू लागले आणि टुणटुण आवाज सुरू झाला. काझुयो खेळायला बसली आणि लगेच मेली. पुन्हा बसली. चौथ्या खेपेला ती पडद्याकडे न बघता म्हणाली, "ने-चान, शेवया चिकटल्या असतील, तू खाऊन घे." चिकटल्या होत्याच.

दुसऱ्या दिवशी तिने खोक्यांवरचे स्टिकर काढले. पुठ्ठ्यावरून धड निघेनात. एक बरा निघाला, तो तिने बिनवायरच्या कोतात्सूवर लावला.

शिष्या अजून स्वयंपाकघरातच नेसतात. मासाओ गॅसला पुन्हा बोट दाखवतो आणि काझुयो पुन्हा हसते. आता तो थांबत नाही, एवढंच.