इंजिन काढलेलं विमान

नात नखांना पॉलिश लावायला बसली की मला हँगर आठवतं, कारण अगदी त्याच वासाचं रोगण आम्ही विमानाच्या पंखांवरच्या कापडाला लावायचो. मी चौथी नापास, पण फ्लाइंग क्लबात ते कापड शिवायला माझ्याशिवाय कुणाचा हात चालायचा नाही. तिथलं एक विमान विलायतेतनं आलेलं, हौशी लोकांनी फिरायला न्यायचं, दोनच माणसांचं. ते म्हातारं झालं तेव्हा इंजिन काढून डोंबिवलीच्या एका बागेत पोरांना बघायला ठेवलं. पंख माझ्या हातचे, म्हणून रिटायर झाल्यावर मी रोज जायचो, ते जमिनीतल्या खुंट्यांना बांधलेले दोर तपासायचो. बागेचा वॉचमन हसायचा, "काका, याला कशाला बांधलंय? इंजिन नाही, पळणार कुठं?" मी म्हणायचो, "अरे, म्हणूनच हलकं झालंय ते." पुढे पोरं अडखळतात म्हणून बागवाल्यांनी दोर कापले. मी भांडलो, पण माझं कोण ऐकतो? मे महिन्यात एका दुपारी मानपाड्याकडनं धुळीचं वादळ आलं आणि विमान थरथरायला लागलं. मी पंखाखालच्या दांडीला लोंबकळलो, वॉचमन शेपटीला. "काका, सोडा, मराल!" "तू धर रे, बोलू नको!" चाकं उठली, वॉचमनच्या हातनं शेपटी सुटली, माझे पायही उठले, दांडी तळव्यातनं निसटली, आणि ते माझ्या डोक्यावरनं जाऊन कुंपणापलीकडे उलटं आपटलं. कापड बराच वेळ फाटत होतं. आता माझ्या हातात चहाचा कप स्थिर राहत नाही, त्याचं मला काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र हे हात धड होते.