इंजिन त्यांचं, बॅटरी माझी

आमच्या अंगणात दोन गाड्या उभ्या असतात आणि त्या दोघींचं कधी जमलं नाही. एक आमच्या ह्यांची डिझेल जीप. दुसरी माझी, विजेवरची. माझी म्हणते खरी, पण घेतली मुलाने, सुरतला. चार वर्षं वापरली, मग त्याला मोठी पाहिजे झाली आणि ही शहाद्याला माझ्याकडे आली, शहरातली जुनी भांडी गावाकडे येतात तशी. साठीच्या तोंडावर मी गाडी शिकले. क्लच नाही, गिअर नाही, डाव्या पायाला तर कामच नाही. पायाच्या शिवणयंत्रावर मी जन्म काढला, त्यापेक्षा हे सोपंच.

गाडी आल्यापासून मी दर बुधवारी नंदुरबारला थोरल्या बहिणीकडे जाऊ लागले. त्याआधीची चाळीस वर्षं बहिणीकडे जायचं तर ह्यांना विचारायचं, आणि ह्यांनी जीपकडे बघून सांगायचं, "इंजिन गरम व्हई ऱ्हायनं." ते इंजिन फक्त माझ्या बहिणीच्या रस्त्यालाच गरम व्हायचं, शेताच्या रस्त्याला नाही. मग मी एसटीने जायची आणि संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी चहा अर्धा टाकून परतीची एसटी गाठायची.

मागच्या वर्षी माझ्या बॅटरीची हमी सरली आणि बॅटरीही दमली. पूर्वी नंदुरबारला जाऊन-येऊन वर लोणखेड्याला एक फेरी व्हायची. आता परतताना प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल आला की बॅटरी संपत आल्याचा दिवा लागायचा. मग मी एसी बंद करायची, काच खाली करायची आणि उसाच्या ट्रॉलीमागून तिच्याच चालीने यायची. एके बुधवारी गाडी पुलाच्या अलीकडेच बसली. हे जीप घेऊन आले, दोर बांधला आणि घरापर्यंत ओढत आणलं. जीपचा सगळा धूर माझ्या तोंडावर. अंगणात आलो, दोर सोडला, आणि जीपने एक मोठा खडखडाट करून मान टाकली.

"तुन्ही गाडी ओढाना पायी मन्हं इंजिन गयं," हे म्हणाले.

केळीचे पैसे नुकतेच आले होते. त्यात एकच काम होणार होतं, माझी बॅटरी किंवा ह्यांचं इंजिन. शोरूमवाल्याने फोनवर बॅटरीची किंमत सांगितली तेव्हा ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि पाणी मागितलं. मग म्हणाले, "इतला पैसामा मन्हं इंजिन चार दाव बांधाई जाई. वीकी टाक ती गाडी." गाडी विकली म्हणजे माझा बुधवार विकला. मी त्या दिवशी भाजीत मीठच टाकलं नाही. मुद्दाम नव्हे, डोकंच ठिकाणावर नव्हतं. ह्यांना मात्र ते मुद्दामच वाटलं.

शेवटी हे म्हणाले, जाणकाराला विचारू. जाणकार कोण, तर जीपचे मिस्त्री चाचा. जीप घेतल्यापासून तिचं इंजिन त्यांच्याशिवाय कुणी उघडलेलं नाही. मला कळलं, पंचही ह्यांचाच. शिवाय मिस्त्री यायच्या आधी मला भजी तळायला सांगितली. माझ्याच हाताने मी माझ्याविरुद्ध भजी तळली.

मिस्त्रींनी आधी माझी गाडी पाहिली. बॉनेट उघडलं, वाकले, चष्मा लावला, चष्मा काढला.

"भाभी, आठे तं काहीच नही शे. तेल नही, पट्टा नही. मी हात कोठे काळा करू?"

मग बॉनेट अलगद लावून खाटेवर येऊन बसले. हे म्हणाले, "सांग आते हिले, बॅटरी महाग का इंजिन महाग."

मिस्त्री भजी खात होते. खाताना त्यांना सगळं आठवतं, हे ह्यांच्या लक्षात आलं नाही. "एकदाव इंजिनना बोर कर्‍या," ते म्हणाले, "पोरना लगीननं वरीस." मला ते ठाऊक होतं. "मंग हाफ इंजिन टाकं, दुष्काळनं वरीस." हे मला ठाऊक नव्हतं. मला सर्व्हिसिंग म्हणून सांगितलं होतं. "मंग डिझेल पंप. मंग हेड. मंग परत रिंगा. मंग आख्खं जुनं इंजिन धुळेथून लई उनूत, याद शे ना भाऊ?"

भाऊंना याद नव्हती. भाऊ कडुनिंबाकडे बघत होते.

मी विचारलं, "मिस्त्रीचाचा, हे सगळं मिळून बॅटरीपेक्षा कमी का?"

"भाभी, इंजिन हप्ता-हप्तामा पैसा खास, म्हनीसन समजत नही. बॅटरी एकदाव तोंड उघडस, म्हनीसन डोळामा येस." त्यांनी हात पुसले. "आनि भाऊ, आते मी हाई इंजिन खोलाव नही. त्यामा खोलाले काही ऱ्हायनंच नही."

"मग बॅटरी टाकू?" मी म्हटलं.

"काबर? एक बाजू पोचस ना? तुन्ही बहीणना घर लाईट शे ना? तठे चार्जिंगले लावी दे. बॅटरीना भाव उतरी ऱ्हायना म्हनतस. थांब."

अशी गाडी वाचली आणि पैसे बँकेत गेले. बहिणीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर काढली. घरच्या लाइटवर गाडी कासवाने पाणी प्यावं तशी भरते, परतीपुरतं व्हायला सहज पाच तास. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी बहिणीकडे बसून दोनदा चहा प्यायले आणि दोन्ही कप पूर्ण.

मागच्या बुधवारी ह्यांना नंदुरबारला काम होतं. जीप नाही, म्हणून माझ्या डाव्या बाजूला बसले. वाटभर त्यांचा पाय क्लच शोधत होता. काम अर्ध्या तासात उरकलं आणि मग बहिणीच्या ओसरीवर आम्हा दोघींच्या मध्ये बसले. आम्ही आईच्या कुरडयांपासून सुरुवात केली होती. तासाभराने ते उठून गाडीत डोकावून आले. "कितलं भरायनं?" मी विचारलं. "अर्धं भी नही," म्हणाले. बहिणीने तिच्या नणंदेची जमिनीची केस पहिल्या तारखेपासून काढली. हे परत उठले, परत आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा बसले नाहीत, खांबाला टेकून उभे राहिले.

"केळीना पैसा शेतस ना बँकमा," हळूच म्हणाले. "टाकी दे ना नवी बॅटरी."

बहीण माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे कप पुढे केला आणि ह्यांना म्हटलं, "मिस्त्रीचाचांनी थांबायला सांगितलंय. बसा तुम्ही."