दोषमुक्त की दोषयुक्त

मला अटक झाली तेव्हा माझ्या हातात बायकोचा रिकामा हंडा होता. टँकरवाल्यांनी उपसा करून भुईगावच्या विहिरी पार खारट केल्या होत्या, म्हणून आम्ही रस्त्यात बसून टँकर अडवले. पंचनाम्यात ‘एक पितळी भांडे, पोचे पडलेले’ अशी नोंद झाली. पोचे त्यांच्याच लाठीचे. खटला सहा वर्षं रखडला आणि शेवटी कोर्टाने आम्हा सगळ्यांना दोषमुक्त केलं. मला वाटलं, सुटलो.

पुढे मस्कतच्या एका कारखान्यात माझी नोकरी ठरली. सातिवलीच्या गाळ्यात दहा वर्षं लेथ चालवणाऱ्याला ही लॉटरीच. पासपोर्ट तेवढा हवा होता, आणि कारखाना दोन महिने थांबणार होता. मात्र पोलीस ठाण्यातून अहवाल गेला, अर्जदार दोषयुक्त.

नोंदवहीत कोणीतरी घाईघाईने ‘म’चा ‘य’ केला होता.

मी कोर्टाच्या निकालाची नक्कल घेऊन ठाण्यात गेलो. हवालदारांनी चष्मा लावून दोन्ही कागद वाचले आणि चूक ताबडतोब मान्य केली. भांडायची सोयच ठेवली नाही. मी खिशातलं पेन काढून पुढे केलं. ‘य’ला एक गाठ मारा, झाला ‘म’.

“शेठ, खाडाखोड केली तर मीच आत जाईन.”

“मग पुसायचं कसं?”

“इथे पुसत नाहीत हो काही. इथे फक्त लिहितात.”

हवालदारांना मधुमेह होता. मी त्यांना विचारलं, “साहेब, तुमचा चहा साखरमुक्तऐवजी साखरयुक्त आला, तर कप परत कराल की शुद्धिपत्रक काढाल?” ते इतके हसले, की मला शेजारच्या टेबलावर नेऊन तेच पुन्हा बोलायला लावलं. मग आतल्या साहेबांसमोर तिसरा प्रयोग झाला. मीही रंगात येऊन कपबशीसकट अभिनय केला. टाळ्या मिळाल्या. ‘य’ तसाच राहिला.

कोर्ट म्हणालं, आमचा निकाल बरोबर आहे, ठाण्यात जा. ठाणं म्हणालं, वरून आदेश आणा. वरच्या साहेबांची बदली झाली होती. अखेर दहाव्या आठवड्यात त्या नोंदीखाली लाल शाईने लिहिलं गेलं, ‘वरील दोषयुक्त हा शब्द दोषमुक्त असा वाचावा.’ आता वही कोणीही उघडली, की पहिली नजर माझ्याच नावावर.

पासपोर्ट आला, पण तोवर मस्कतला आमच्याच आळीतला एक जण निवडला गेला होता. टँकर अडवले त्या दिवशी तो घरी झोपला होता. त्याचा अहवाल आठ दिवसांत निघाला. जायच्या आदल्या दिवशी तो भेटायला आला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि मायेने म्हणाला, “फारम भरताना तूच काय चुकीचं लिहिलंस का रे?”

ते अक्षर माझं नव्हतं, हे मी त्याला दोनदा सांगितलं. त्याला पटलं नसावं.