घरची मुलगी शेवटच्या पंगतीला

मला एका जागी बसता येत नाही. सिनेमात नाही, देवळात नाही, ऑफिसच्या मीटिंगमध्ये तर नाहीच. त्यामुळे इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये मुलीच्या बेसबॉल संघाला मॅनेजर मिळेना आणि मी हात वर केला, तेव्हा नवऱ्याला काही नवल वाटलं नाही. "तू तशीही बाहेरून सगळ्यांना इन्स्ट्रक्शन्स देतच असतेस," तो म्हणाला, "आता ऑफिशियली दे."

बेसबॉल मी इथे येऊन शिकले. नागपुरात शाळेत खो-खो खेळायचे. खो-खोत मैदानात नऊ जण आणि बेसबॉलमध्येही नऊ, एवढ्या भांडवलावर मी मॅनेजर झाले. माझ्याकडे अकरा-बारा वर्षांची बारा मुलं होती, मुलगे आणि मुली मिळून. म्हणजे कुठल्याही क्षणी तिघं बाकावर. मॅच सहा इनिंगची, पण पावणेदोन तास झाले की नवी इनिंग सुरू करायची नाही, असा नियम. बऱ्याचदा चार इनिंगमध्येच खेळ आटपायचा. 'तुला पाचव्या इनिंगला घेते' असं ज्याला सांगितलं, तो मग तसाच घरी जायचा.

सुरुवातीला मी चांगले नऊ उतरवायचे आणि बाकीच्यांना शेवटासाठी राखून ठेवायचे. माझे सहायक कोच म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक पी.टी.चे मास्तर, अमेरिकन, तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया. तीन मॅच त्यांनी बघून घेतल्या आणि मग म्हणाले, "बाकावरची मुलं एप्रिलमध्ये खेळवायची असतात, तर ती जूनमध्ये उपयोगी पडतात."

मी टीव्हीवरच्या मोठ्या मॅच त्या नजरेने बघायला लागले. कुठल्याशा साध्या रविवारी, काहीही पणाला लागलेलं नसताना, मॅनेजर नेहमीच्या खेळाडूला बसवतो आणि राखीव खेळाडूला पहिल्यापासून खेळवतो. आधी मला वाटायचं, दया येत असेल. ती दया नव्हती, तयारी होती. आठवडाभर बसून राहिलेल्याला एकदम शेवटच्या, नवव्या इनिंगला उभं केलं तर त्याला बॉल दिसतच नाही. आणि महिनोन्‌महिने बसलेला माणूस नुसता थंड होत नाही, तो स्वतःला राखीवच समजायला लागतो.

आम्ही आयटीतली माणसं. मी लगेच एक्सेल केलं. कोण किती इनिंग बसलं, कोण कुठल्या जागी खेळलं, पुढच्या शनिवारी सुरुवात कोणाची. आज बसला तो पुढच्या वेळी पहिल्या नऊत. अकरा मुलांच्या अकरा ओळी अशा चोख, की ऑडिटला दिल्या असत्या.

बारावी ओळ माझ्या मुलीची. तिच्यापुढे दर आठवड्याला एकच: पाचवी-सहावी इनिंग, राइट फील्ड. जिथे बॉल सहसा जात नाही, ती जागा.

यात मला काही चुकतंय असं वाटलं नाही, उलट बरं वाटायचं. आमच्या घरी कुठलंही कार्य असलं की आई आम्हा भावंडांना दंडाला धरून मागे ओढायची. "पाहुणे होऊ देत आधी." घरचे शेवटच्या पंगतीला. तोवर मठ्ठा पातळ झालेला असायचा आणि जिलबीचा नुसता चुरा उरलेला. तेव्हा मला त्याचा भयंकर राग यायचा. पण मॅनेजर झाल्याबरोबर मी तेच केलं, न शिकवता. स्वतःच्या मुलीला पुढे केलं तर लोक काय म्हणतील?

आणि लोक बोललेच, पण छान. संघात पुण्याच्या एका जोडप्याची मुलगी होती. तिचे बाबा एकदा मुद्दाम जवळ येऊन म्हणाले, "ताई, तुम्ही खरंच फेअर आहात हं. स्वतःच्या मुलीलाही बसवता यार." त्या वाक्यावर मी पंधरा दिवस काढले.

मुलीला सेकंड बेस हवा होता, जिथे बॉल सारखा येतो ती जागा. रोज शाळेतून आली की ती गॅरेजच्या दारावर बॉल मारायची आणि परत येणारा बॉल वाकून उचलायची. धप, धप, धप. एप्रिलमध्ये इथे पाइनचा पिवळा पराग सगळीकडे साचतो. दाराच्या त्या पिवळ्या थरात तिच्या बॉलचे गोल ठसे उमटायचे. वर मी कॉलवर असायचे आणि त्या आवाजाने माझं डोकं उठायचं.

"आई, धिस सॅटरडे? सेकंड बेस?"

"बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे तिला चांगलं माहीत होतं. तरी ती दर गुरुवारी विचारायची.

मास्तरांनी एकदा माझं एक्सेल बघितलं आणि बाराव्या ओळीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, तिचं काय, ती घरचीच आहे. ते म्हणाले, "संघाच्या यादीत तर तीही आहे." मी विषय बदलला.

मे संपता संपता गॅरेजचा आवाज बंद झाला. मला कळलंही नाही लगेच. एक आख्खा कॉल शांततेत पार पडला तेव्हा लक्षात आलं, आणि मी मनात म्हटलं, ऊन फार आहे हल्ली. एवढंच म्हटलं. आजही ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

जूनमध्ये बाद फेरीची मॅच आली. हरलो की सीझन संपला. आदल्या संध्याकाळी आमच्या सेकंड बेसवाल्या मुलाच्या आईचा फोन: प्लेनोला आत्तेभावाची मुंज आहे, फ्लाइट दोन तासांत आहे, सांगायचं राहूनच गेलं. मी तिच्यावर वैतागले, पण फोन ठेवल्यावर मला चक्क हलकं वाटलं. आता जागा रिकामी होती. आता मुलीला उतरवलं तर कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. पाहुणे जेवले होते.

सकाळी नावांचा कागद मी जाळीवर चिकटवला. सेकंड बेसपुढे तिचं नाव, पहिल्या इनिंगपासून. ती बराच वेळ वाचत उभी राहिली. मग माझ्याजवळ आली आणि मास्तरांना कळू नये म्हणून मराठीत बोलली, एरवी जे ती बोलत नाही.

"आई, तिला खेळव. पुण्याच्या काकांच्या मुलीला."

"अगं, तुलाच हवा होता ना सेकंड बेस?"

"हवा होता. ती तिथे चार मॅच खेळलीये. मी एकपण नाही." ती ग्लव्हची दोरी ओढत होती. "तू तिला रेडी केलंस. मला नाही केलंस."

"लोक काय म्हणाले असते गं..."

"कुठले लोक?"

मी कुंपणापलीकडे पाहिलं. घडीच्या खुर्च्या, फोनमध्ये घातलेली डोकी, कुणीतरी कुणाच्या तरी मानेला सनस्क्रीन लावत होतं. माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं. अंपायर कागदासाठी थांबले होते. मी तिचं नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं.

आम्ही जिंकलो. पुण्याच्या मुलीने सेकंड बेसवर दोघांना आउट केलं, आणि माझ्या मुलीने बाकावरून मनापासून टाळ्या वाजवल्या. ती रुसली असती तर मला सोपं गेलं असतं. पुढच्या मॅचला आम्ही हरलो, तेव्हा मला फारसं काही वाटलं नाही.

जुलैमध्ये पुढच्या सीझनचा फॉर्म आला. तिला खेळायचं होतं, याचाच मला केवढा आनंद झाला. ती शेजारी बसून सांगत होती, मी भरत होते. शेवटचा प्रश्न: पालकांपैकी कुणी संघ सांभाळणार का? माझा हात सवयीने 'हो'कडे गेला. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "नो," ती म्हणाली. मग हळूच, "प्लीज."

मी 'नाही'वर क्लिक केलं. मला राग आला आणि मग रडू आलं, दोन्ही तिच्यासमोरच. तिने टिश्यूचा डबा पुढे सरकवला, पण 'नाही' मागे घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गॅरेजचं दार पुन्हा वाजायला लागलं.

सप्टेंबरच्या पहिल्या मॅचला मी घडीच्या खुर्चीत बसले. नव्या मॅनेजरला ती कोणाची कोण हे माहीत नव्हतं. त्याने पहिल्याच इनिंगला तिला सेकंड बेसवर उभं केलं. दुसराच बॉल तिच्या पायांमधून मागे गेला. मी ताडकन उठले. नवऱ्याने माझी बाही धरली. "बस." मॅनेजरने तिला काढलं नाही, नुसती बोटं दाखवून आउट किती झाले ते सांगितलं.

तिसऱ्या इनिंगला बॉल पुन्हा तिच्याकडे आला, जमिनीलगत, जोरात. तिने वाकून उचलला आणि पहिल्या बेसकडे फेकला. आउट. तिने हसून मान वळवली आणि आपल्या मॅनेजरकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. नवऱ्याने अजून बाही सोडली नव्हती, पण मी उठत नव्हते.